कोलवाळच्या शेणव्यांचा वंशज
आबे फारिया यांचें घराणें व त्यांचा काळ

गोव्यांतील एखाद्या ख्रिस्ती घराण्याची वंशावळ शोधूं लागलें म्हणजे पहिल्या चार-पांच पिढ्यांपर्यंतची वाट बरीच सरळ असते. देवळाच्या दप्तरांत बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या नोंदी असतात. गांवकरीच्या वह्यांत घराण्याचा वांगड व त्याचा जोण, म्हणजे गांवच्या उत्पन्नांतील वांटा, लिहिलेला असतो. परंतु सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यापाशीं आलें कीं ही वाट अकस्मात् बुजते. त्या काळीं बाप्तिस्मा घेणारास त्याच्या धर्मपित्याचें किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचें आडनांव मिळत असे. एकाच बापाचे दोघे मुलगे निरनिराळ्या दिवशीं बाप्तिस्मा घेते झाले, तर एकाचें घर सौझा व दुसऱ्याचें घर फर्नांदिश होई. मागचें नांव कागदावरून पुसलें जाई, आणि दोन-तीन पिढ्यांनीं घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या स्मरणांतूनहि तें जाई.

ज्यांच्या बाबतींत ही वाट सुदैवानें बुजली नाहीं, अशा थोड्या घराण्यांपैकीं एक म्हणजे बारदेशांतील कोलवाळ गांवचें फारिया घराणें. ह्या घराण्यांतील जुझे कुस्तोदियो हे धर्मगुरू युरोपांत आबे फारिया ह्या नांवानें प्रसिद्धीस आले. मनुष्याच्या मनाचा व निद्रेचा संबंध त्यांनीं उकलून दाखविला, म्हणून वैद्यकाच्या इतिहासांत त्यांस मानाचें स्थान आहे. आमच्या लोकांना मात्र ते बहुधा एका फ्रेंच कादंबरीमुळें ठाऊक असतात, आणि त्या कादंबरींतील फारिया हा तर इटालियन पाद्री आहे ! म्हणून खऱ्या फारियांचें घर, त्यांचे आई-बाप आणि त्यांच्या आयुष्यावरून गेलेलीं वादळें ह्यांची हकीकत आम्ही येथें देत आहों.

कोलवाळ गांव शापोरा नदीच्या कांठीं आहे. बारदेश प्रांत १५४३ सालीं कायमचा पोर्तुगीजांच्या हातीं गेला, व १५५५ पासून तेथें धर्मप्रसाराचें काम फ्रान्सिस्कन व्रतस्थांनीं चालविलें. कोलवाळचें संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांचें देऊळ १५९१ मध्यें स्थापन झालें. त्याच शतकांत ह्या गांवच्या अंतू शेणवी नांवाच्या सारस्वत ब्राह्मण कुळकर्ण्यानें बाप्तिस्मा घेतला. फारिया घराण्याचा हा मूळ पुरुष. गांवचा हिशेब व गांवची अक्षरें ज्याच्या हातीं, असा हा मनुष्य; आणि पुढील पिढ्यांतहि लेखणी ह्या घराण्याच्या हातून सुटली नाहीं असें दिसतें. नदीपलीकडचा पेडणें महाल तेव्हां पोर्तुगीजांचा नव्हता. तो त्यांच्या ताब्यांत गेला तो १७८८ मध्यें. त्यामुळें कोलवाळ हा सरहद्दीचा गांव होता, आणि सरहद्दीच्या गांवाला जें भोगावें लागतें तें त्यानें भोगलें. १७३९ सालीं, म्हणजे चिमाजी आप्पांनीं वसई घेतली त्याच वर्षीं, मराठ्यांच्या फौजा बारदेशांतहि शिरल्या होत्या. आमच्या चरित्रनायकाच्या आजोबांच्या पिढीनें तो धुमाळा डोळ्यांनीं पाहिला असला पाहिजे.

ह्याच घराण्यांत कायतान वितोरिनो द फारिया जन्मले. त्यांनीं सेमिनरींत शिकून कनिष्ठ दीक्षाहि घेतल्या होत्या. पण पुढें तो मार्ग सोडून त्यांनीं कांदोळीच्या रोझा मारिया द सौझा ह्यांच्याशीं विवाह केला. कांदोळी हा समुद्रकांठचा सुखवस्तु गांव, आणि रोझा मारिया ह्या तेथील चांगल्या घराण्यांतल्या. त्या आपल्या माहेरीं असतां १७५६ च्या मे महिन्याच्या अखेरीस जुझे कुस्तोदियो ह्यांचा जन्म झाला.

हा विवाह सुखाचा झाला नाहीं. मुलगा लहान असतांनाच नवराबायकोंनीं धर्मसभेच्या संमतीनें विभक्त होण्याचें ठरविलें. कायतान वितोरिनो ह्यांनीं अर्धवट सोडलेला अभ्यास पुनः हातीं घेतला व ते धर्मगुरू झाले. रोझा मारिया जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत मठवासिनी झाल्या. बाहेरून पाहणारास ही गोष्ट मोठी धार्मिक वाटते, आणि एका अर्थीं ती तशी आहेहि. परंतु वेदीपाशीं उभा राहिलेला बाप व मठाच्या जाळीआड गेलेली आई, ह्या दोघांच्या मध्यें एक लहान मूल उभें होतें, हें आमच्यानें विसरवत नाहीं. आई-बाप दोघेंहि जिवंत असून ज्याचें घर मोडलें, अशा मुलाचें बालपण कसें गेलें असेल, हें वाचकांनींच मनाशीं पाहावें. पुढील सर्व आयुष्य ह्या मुलानें परक्या छपराखालीं काढिलें. आई त्याच्या चरित्रांत येथून पुढें दिसत नाहीं. बाप मात्र पंधरा-वीस वर्षें त्याच्या पाठीशीं, किंबहुना त्याच्या पुढें उभा दिसतो.

कायतान वितोरिनो हे महत्त्वाकांक्षी होते, आणि काळहि महत्त्वाकांक्षेला अनुकूल होता. मुलाच्या जन्माच्या आधीं सातच महिने, १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं लिस्बन शहर भूकंपानें, आगीनें आणि समुद्राच्या लाटांनीं उध्वस्त झालें होतें. त्या राखेंतून जो मनुष्य सत्तेच्या शिखरावर चढला, तो पोंबालचा मार्कीझ. त्यानें १७५९ मध्यें येशुसंघीयांस पोर्तुगालच्या राज्यांतून हांकून दिलें. त्याच्या ह्या कृत्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण त्याच मंत्र्याच्या कारकीर्दींत १७६१ सालीं राजाज्ञा निघाली कीं, पूर्वेकडील बाप्तिस्मा घेतलेल्या प्रजेस पोर्तुगालांत जन्मलेल्या प्रजेइतकाच मान व अधिकार असावा, आणि तिला हिणवणाऱ्या शब्दांनीं कोणी संबोधूं नये. कागदावर हें फार मोठें होतें. प्रत्यक्षांत गोव्यांतील गोऱ्या अधिकाऱ्यांनीं व मठाधिपतींनीं ती आज्ञा शक्य तितकी दाबून ठेविली, आणि १७७४ मध्यें तिचा पुनरुच्चार करावा लागला. एतद्देशीय धर्मगुरू विद्वान् असोत, सदाचारी असोत, त्यांच्या वाट्यास गांवचें देऊळ येई. बिशपचें आसन येत नसे. हें शल्य त्या पिढीच्या मनांत सलत होतें, आणि कायतान वितोरिनो ह्यांच्या मनांत तर विशेषच.

१७७१ च्या आरंभीं बाप-लेक गोव्याहून जहाजांत बसले व वर्षाच्या शेवटीं लिस्बनला पोहोंचले. मुलाचें वय पंधरा वर्षांचें होतें. बापाजवळ शिफारसपत्रें होतीं व माणसें जोडण्याची कला होती. राजा दों जुझे ह्यांची मर्जी संपादन करून दोघांनीं रोमची वाट धरली. बापास धर्मशास्त्रांत डॉक्टर व्हावयाचें होतें, मुलास धर्मगुरू. जुझे कुस्तोदियो प्रोपागांदा फिदे ह्या विद्यालयांत राहिले. हें विद्यालय म्हणजे सर्व खंडांतल्या मुलांचें एक लहानसें जगच होतें. तेथें असतांनाच ह्या मुलानें केवढ्या घडामोडी पाहिल्या ! १७७३ मध्यें चौदावे क्लेमेंट ह्यांनीं येशुसंघच विसर्जित केला. १७७४ मध्यें गोव्यांतील इन्क्विझिशन बंद झाल्याची वार्ता आली. चार वर्षांनीं तें पुनः सुरू झालें व कायमचें मिटलें तें १८१२ मध्यें. १७७५ मध्यें सहावे पायस पोप झाले, आणि १७७७ मध्यें राजा जुझे वारल्यावर राणी मारिया गादीवर येऊन पोंबालची सत्ता संपली.

१७८० च्या मार्च महिन्यांत जुझे कुस्तोदियो ह्यांस रोम येथें गुरुदीक्षा मिळाली, आणि धर्मशास्त्राची डॉक्टर ही पदवीहि त्यांनीं मिळविली. आपला प्रबंध त्यांनीं पोर्तुगालच्या राणीस अर्पण केला होता. पवित्र आत्म्यावरील दुसरा एक निबंध त्यांनीं पोप महाराजांस अर्पण केला, तेव्हां पेन्टेकॉस्टच्या सणाला सिस्टाइन चॅपलमध्यें प्रवचन करण्याचा मान त्यांस देण्यांत आला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. कोलवाळच्या कुळकर्ण्याचा वंशज मायकेलॅन्जेलोच्या चित्रांखालीं उभा राहून पोप महाराजांसमोर बोलतो, ही घटना त्या काळच्या गोमंतकीयांना काय वाटली असेल !

पुढें ते लिस्बनला बापाजवळ आले. ह्या काळची एक आख्यायिका गोव्यांत घरोघर सांगतात, ती येथें गाळवत नाहीं. राणीच्या प्रार्थनामंदिरांत प्रवचनास उभे राहतांच समोरचा दरबारी थाट पाहून तरुण फारियांची वाचा बसली. बाप व्यासपीठाखालींच बसले होते. त्यांनीं हळूच आपल्या कोंकणींत सांगितलें कीं, समोर आहे ती सगळी भाजी आहे, खुशाल काप. मातृभाषेंतले ते शब्द कानीं पडतांच मुलाची भीति पळाली व प्रवचन सुरळीत झालें. गोष्ट अक्षरशः खरी आहे कीं नाहीं ह्याचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. पण त्या गोष्टीचा एक विशेष असा कीं, एका शब्दानें मनुष्याच्या देहांत व मनांत केवढा पालट होतो, हेंच तत्त्व शोधण्यांत ह्या मुलाचें पुढील आयुष्य खर्ची पडावयाचें होतें. आख्यायिका रचणाऱ्यानेंहि ती मोठी विचारपूर्वक रचली म्हणावयाची.

लिस्बनमधील फारियांचें घर हें गोव्याहून येणाऱ्या माणसांचें आश्रयस्थान झालें. त्यांत दोन धर्मगुरू होते : पणजीचे कायतान फ्रान्सिस्को कौतो व दिवाडीचे जुझे आंतोनियो गोन्साल्विस. दोघेहि विद्वान् होते, आणि बिशपच्या रिकाम्या जागांसाठीं आपला विचार होईल अशी त्यांस आशा होती. ती आशा फोल ठरली. ते कडवट मनानें गोव्यास परतले. त्यानंतर कांदोळीच्या पिंतो घराण्याच्या वाड्यांत खलबतें सुरू झालीं. बढत्यांवांचून कुजत पडलेले एतद्देशीय लष्करी अधिकारीहि त्यांत मिळाले. पोर्तुगीज अंमल उलथून टाकावा असा बेत ठरला. पण १७८७ च्या ऑगस्टमध्यें तो फुटला व धरपकड झाली. १७८८ च्या डिसेंबरांत पणजी येथें पंधरा जणांस अत्यंत क्रूरपणें देहान्त शिक्षा देण्यांत आली. धर्मगुरूंना फांशी दिली नाहीं. त्यांस जहाजांत घालून लिस्बनला नेलें व तेथें बंदींत टाकिलें. खटल्याचा चौकशीचा धागा साहजिकच लिस्बनमधील फारियांच्या घरापर्यंत गेला. कांदोळी हें तर जुझे कुस्तोदियो ह्यांचें आजोळ. बाप-लेकांचा कटांत प्रत्यक्ष हात किती होता ह्याविषयीं इतिहासकारांत एकवाक्यता नाहीं. आमचें मत असें कीं, बिशपपदाच्या अन्यायाची चीड त्या घरांत भरपूर होती, आणि तेवढी गोष्ट संशयास पुरेशी होती.

१७८८ मध्यें जुझे कुस्तोदियो ह्यांनीं फ्रान्सची वाट धरली. वडील मागें राहिले. सतरा वर्षें एकत्र चाललेल्या बाप-लेकांचे मार्ग येथें फुटले.

फ्रान्सांत पाऊल टाकून वर्ष लोटतें न लोटतें तोंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. पॅरिसमध्यें धर्मगुरूंची धरपकड व कत्तल झाली, राजा-राणीचीं शिरें उतरलीं, देवळें ओसाड पडलीं. ह्या सर्वांतून एक काळासांवळा परदेशी पाद्री जिवंत राहिला हेंच नवल. १७९५ च्या ऑक्टोबरांत कन्व्हेन्शन सभेविरुद्ध पॅरिसचे नागरिक उठले, तेव्हां एका पलटणीच्या अग्रभागीं फारिया होते असें सांगतात. तो उठाव मोडून काढणाऱ्या तोफांचा अधिकारी होता तरुण नेपोलियन बोनापार्ट.

पण फारियांचें खरें रणांगण निराळें होतें. त्या वेळीं पॅरिसमध्यें मेस्मर नांवाच्या वैद्याच्या चुंबकविद्येची मोठी चर्चा होती. मेस्मरचें म्हणणें असें कीं, सर्व विश्वांत एक सूक्ष्म द्रव भरला आहे आणि जाणत्या पुरुषास तो आपल्या हातांनीं रोग्याच्या शरीरांत सोडतां येतो. १७८४ मध्यें फ्रान्सच्या राजानें नेमलेल्या मंडळानें, ज्यांत फ्रँकलिन व लाव्वाझिये होते, असा द्रव नाहींच असा निर्णय दिला. त्याच वर्षीं मार्कीझ द प्यूइसेग्यूर ह्यांना आढळून आलें कीं, रोगी झोंपेसारख्या एका अवस्थेंत जातात व त्या अवस्थेंत बोलतात, उत्तरें देतात. फारियांस ह्या विद्येची ओळख प्यूइसेग्यूर ह्यांच्याकडूनच झाली. परंतु शिष्य गुरूच्या फार पुढें गेला. फारियांनीं सांगितलें कीं, द्रव नाहीं, चुंबक नाहीं आणि निद्रा आणणाराच्या अंगीं कोणतीहि दैवी अथवा सैतानी शक्ति नाहीं. निद्रेचें कारण निद्रिस्ताच्याच मनांत आहे. त्याचें चित्त एकाग्र झालें, मनावर दुसऱ्याचा शब्द ठसला, कीं तो आपणहून निजतो. कांहीं माणसांची प्रकृति ह्यास अनुकूल असते, कांहींची नसते. आणि ज्याची नसते त्याला कोणीहि निजवूं शकत नाहीं.

त्यांची रीतहि अगदीं साधी होती. मनुष्यास आरामखुर्चींत बसवावें, डोळे मिटून निद्रेचाच विचार करावयास सांगावें आणि थोड्या वेळानें दृढ स्वरांत निजण्याची आज्ञा करावी. तेवढ्यानें न साधलें तर आपल्या उघड्या तळहातावर त्याची दृष्टि खिळवावी. मंत्र नाहीं, दंड नाहीं, लोखंडी हौद नाहीं. निद्रेंत दिलेली आज्ञा मनुष्य जागा झाल्यावरहि पाळतो, हेंहि त्यांनीं पाहिलें होतें. आज ज्यास सूचना म्हणतात, तिचें सामर्थ्य इतक्या स्पष्टपणें त्यांच्या आधीं कोणीं मांडलें नव्हतें.

१८११ मध्यें ते मार्सेय येथें तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले व तेथील वैद्यकमंडळानें त्यांस सभासद करून घेतलें. पुढच्याच वर्षीं त्यांची नीम येथें बदली झाली, तीहि खालच्या जागीं. तेथें त्यांचें मन रमलें नाहीं. १८१३ मध्यें ते पॅरिसला परतले व त्यांनीं रु द क्लिशी ह्या रस्त्यावर दर गुरुवारीं जाहीर व्याख्यानें सुरू केलीं. पांच फ्रँक प्रवेशमूल्य देऊन लोक गर्दी करीत. त्यांत स्त्रिया पुष्कळ असत. उंच बांधा, तांबूस-काळा वर्ण, आणि मोडकीतोडकी फ्रेंच भाषा : पॅरिसकरांस हें सर्व नवलाचें होतें.

नवलाचें रूपान्तर उपहासांत होण्यास वेळ लागला नाहीं. मेस्मरचे अनुयायी त्यांच्यावर रागावले, कारण त्यांनीं द्रवच नाहींसा केला. वैद्य रागावले, कारण तो पाद्री होता. आणि कांहीं धर्मपंडित रागावले, कारण ह्या सर्वांत सैतानाचा हात आहे असें त्यांस वाटलें. ह्या शेवटच्या आक्षेपाचें त्यांस सर्वांत दुःख झालें असावें. सैतानाची गरज नाहीं, हें सर्व देवानें घडविलेल्या मनुष्यस्वभावांतूनच येतें, हेंच तर ते उच्चरवानें सांगत होते. वास्तविक धर्मसभेनें त्यांचे आभार मानावयास हवे होते. थोर लेखक शातोब्रियां ह्यांनीं आपल्या आठवणींत एका बाईच्या घरच्या मेजवानीचा प्रसंग लिहिला आहे : फारियांनीं पिंजऱ्यांतील कॅनरी पक्ष्याला चुंबकविद्येनें मारून दाखविण्याचें ठरविलें, आणि पक्षी त्यांना पुरून उरला. पुढें एका नटानें निद्रेचें सोंग घेऊन भरसभेंत त्यांस फसविलें, आणि १८१६ मध्यें तर त्यांच्यावर एक प्रहसनच रंगभूमीवर आलें. पॅरिसमध्यें एकदां हंशा पिकला म्हणजे शास्त्र टिकत नाहीं. गुरुवारची गर्दी ओसरली.

शेवटचीं वर्षें त्यांनीं मुलींच्या एका शिक्षणसंस्थेचे धर्मगुरू म्हणून, मिस्सा अर्पण करीत व ग्रंथ लिहीत काढिलीं. ग्रंथ अनेक खंडांचा योजिला होता. १८१९ मध्यें पहिला तेवढा छापून झाला. त्याच वर्षीं २० सप्टेंबर रोजीं मूर्च्छेचा झटका येऊन ते निवर्तले. वय त्रेसष्ट वर्षांचें. इकडे आपल्या देशांत पेशवाई बुडून एकच वर्ष झालें होतें. पॅरिसच्या मोंमार्त्र दफनभूमींत त्यांचा देह ठेविला. कबरेवर नांव नव्हतें.

ह्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ग्रंथकर्त्याच्या नांवापुढें एक बिरुद आहे, त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावेसें वाटतें. धर्मशास्त्राचा डॉक्टर ह्या पदवीच्याहि आधीं त्यांनीं स्वतःस ब्राह्मण म्हणविलें आहे. घराण्यांत बाप्तिस्मा येऊन दोनशें वर्षें उलटलीं होतीं. ख्रिस्ती मनुष्यानें जातीचा अभिमान बाळगावा हें आम्हांस रुचत नाहीं, आणि गोव्यांतील ख्रिस्ती समाजांत ह्या अभिमानानें काय काय केलें तें आम्ही जाणतों. तथापि त्या एका शब्दांत निराळेंहि कांहीं आहे. ज्यानें पंधराव्या वर्षीं गोवें सोडलें, ज्याचें आडनांव परक्याचें, भाषा परक्याची, अन्न परक्याचें, त्याच्याजवळ अंतू शेणव्याचें म्हणून एवढेंच उरलें होतें, आणि तें त्यानें पॅरिसच्या छापखान्यांत देऊन ठेविलें.

पुढें १८४४ मध्यें आलेक्झांद्र द्युमा ह्यांची प्रसिद्ध कादंबरी निघूं लागली व शातो द'इफच्या तुरुंगांतील वृद्ध आबे फारिया जगभर पोहोंचला. खरा फारिया मात्र विस्मृतींतच होता. त्यांचे श्रोते जनरल न्वाझे ह्यांनीं त्यांचीं मतें जतन केलीं, आणि शतकाच्या उत्तरार्धांत नांसी शहरचे वैद्य लिएबो व बर्नहाइम ह्यांनीं सूचनेचें तत्त्व पुनः प्रस्थापित केलें, तेव्हां विद्वानांस त्या सांवळ्या पाद्रीची आठवण झाली. १९०६ मध्यें गोमंतकीय डॉक्टर दानियेल जेलाझियो दालगादो ह्यांनीं त्यांचें चरित्र लिहून त्यांचा ग्रंथहि पुनः छापविला. १९२५ मध्यें पोर्तुगालचे एगास मोनिझ ह्यांनीं त्यांच्यावर पुस्तक लिहिलें. हेच मोनिझ १९४९ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

१९४५ मध्यें पणजीस, मांडवीच्या कांठीं आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारीं, फारियांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. झग्यांतील धर्मगुरू दोन्ही हात पसरून उभे आहेत व त्यांच्यापुढें एक स्त्री निद्रावश होऊन कलली आहे, असें तें शिल्प आहे. १९६१ मध्यें गोव्यांतील पोर्तुगीज सत्ता संपल्यावर पुतळा होता तेथेंच राहिला. तो घडविणारे शिल्पकार गोव्याचेच रामचंद्र पांडुरंग कामत.